मर्ल ओबेरॉन: मुंबईत जन्मली, टास्मानियाची म्हणवली

२०२३ च्या जानेवारीत मलेशियाच्या मिशेल यो यांना ऑस्करचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी नामांकन मिळालं, तेव्हा अमेरिकेतल्या काही वृत्तपत्रांनी बातमी फार जपून लिहिली. ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली अभिनेत्री’, असे ते शब्द होते. नुसतं ‘पहिली आशियाई अभिनेत्री’ असं छापलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं. त्या यादीत ८७ वर्षांपूर्वीच एक आशियाई मुलगी येऊन गेली होती, आणि ती आपल्या मुंबईत जन्मलेली होती.

मर्ल ओबेरॉन हे तिचं पडद्यावरचं नाव. जन्म १९ फेब्रुवारी १९११, नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. त्याच वर्षी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्याची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभं राहिलं. या मुलीला घरी ‘क्वीनी’ म्हणू लागले तेही त्या राणीवरूनच, असं सांगतात. आर्थर थॉम्पसन हा रेल्वेत काम करणारा इंग्रज तिचा बाप. जिला ती आई म्हणायची ती शार्लट सेल्बी मूळची सिलोनची. खरं तर शार्लट तिची आजी होती. शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स पोरवयातच बाळंत झाली आणि ते मूल शार्लटने आपलं म्हणून वाढवलं. मर्लच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, २००२ च्या एका ऑस्ट्रेलियन माहितीपटाच्या निमित्ताने, मुंबईतल्या जन्मनोंदीची हकिगत जगासमोर आली. तो दाखला कॉन्स्टन्सच्याच मुलाने शोधला होता. त्यावर आईच्या जागी कॉन्स्टन्सचं नाव होतं.

बाप पहिल्या महायुद्धात गेला. १९१७ च्या सुमारास शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्याला आली. तिथल्या ला मार्टिनियर शाळेत क्वीनीला शिष्यवृत्ती मिळाली, पण तिच्या जन्मावरून मुली इतकं टोचून बोलायच्या की शेवटी तिने ती शाळाच सोडली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, संध्याकाळी हौशी नाटकमंडळी आणि डोक्यात सिनेमा. १९२८-२९ च्या आसपास मायलेकी युरोपला निघून गेल्या. लंडनमध्ये क्लबात नोकरी करत, सिनेमात बिननावाच्या छोट्या भूमिका करत ती निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेत भरली. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ती राणी अॅन बोलिन झाली. पडद्यावर ती जेमतेम काही मिनिटं दिसते, पण लोकांच्या तेवढंही लक्षात राहिलं.

आणि इथेच टास्मानियाचा जन्म झाला. कोर्डाच्या प्रसिद्धी विभागाने जाहीर केलं की ही मुलगी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहराची, गोऱ्या आईबापांची. टास्मानिया ब्रिटिश साम्राज्यातच होतं, आणि इतकं लांब की तिथे जाऊन दप्तर कोण उघडणार?

या खोटेपणाबद्दल मर्लवर टीका झाली आहे. मला ती पटत नाही, कारण त्या काळी हॉलिवूडच्या दारावर काय लिहिलेलं होतं तेही पाहायला हवं. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने हिंदुस्थानातून होणारं स्थलांतर बंद केलं होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. हे दार थोडं किलकिलं व्हायला १९४६ उजाडलं. शिवाय १९३४ पासून चित्रपटांची आचारसंहिता कडक झाली आणि तिने गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला बंदी घातली. कागदावर अक्षरं एवढीच होती; स्टुडिओ मात्र त्यांचा धाक सगळ्याच बिगरगोऱ्यांना लावत. ‘द गुड अर्थ’ या चित्रपटातली चिनी शेतकरीण चिनी वंशाच्या अमेरिकी अभिनेत्री अॅना मे वाँगला मिळाली नाही. ती भूमिका गोऱ्या लुईस रायनरने केली आणि त्यासाठी ऑस्करही घेतलं. मर्लने ‘मी मुंबईची’ म्हटलं असतं तर नायिकेच्या भूमिका तिथेच संपल्या असत्या.

१९३५ च्या ‘द डार्क एंजल’मध्ये निर्माता सॅम्युअल गोल्डविनने तिचं आधीचं ‘पौर्वात्य’ रूप पुसून तिला साधीसुधी इंग्रज मुलगी केलं. १९३६ चं ऑस्कर नामांकन याच भूमिकेचं. पुरस्कार बेट डेव्हिसला मिळाला.

१९३९ चा ‘वुदरिंग हाइट्स’ तर मी कधीच नुसती प्रेमकथा म्हणून पाहू शकत नाही. मूळ कादंबरीत नायक हीथक्लिफ सावळा आहे. एक पात्र त्याला पाहून ‘लास्कर’ म्हणतं, म्हणजे आपल्याकडचा खलाशी. पडद्यावर तो झाला गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि त्याच्यासमोर गोरी नायिका कॅथी म्हणून उभी होती मुंबईची क्वीनी! ऑलिव्हिएला त्या जागी व्हिव्हियन ली हवी होती. व्हिव्हियनचा जन्मही हिंदुस्थानातलाच, दार्जिलिंगचा. पण तिला तो कधी लपवावा लागला नाही.

मधल्या काळात, १९३७ मध्ये, लंडनला मोटार अपघातात मर्लचा चेहरा जखमी झाला. कोर्डाचा ‘आय, क्लॉडियस’ हा चित्रपट अर्धवट राहिला तो याच सुमारास. पुढे प्रसाधनांनी आणि औषधांनीही तिची त्वचा बिघडवली, असं चरित्रकार नोंदवतात. १९४४ च्या ‘द लॉजर’चा छायालेखक ल्यूसियन बॅलर्ड याने यावर उपाय काढला. चेहऱ्यावरचा व्रण दिसतो तो त्याच्या कडेला पडणाऱ्या सावलीमुळे. बॅलर्डने एक छोटा दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून बसवला. प्रकाश भिंगाच्याच दिशेने सरळ चेहऱ्यावर आला की सावलीला जागाच उरत नाही, आणि कातडी तुळतुळीत, उजळ दिसते. छायालेखकांच्या बोलीत तो दिवा आजही तिच्या नावाने ‘ओबी’ म्हणून ओळखला जातो. कोर्डाशी तिचं लग्न १९३९ मध्ये झालं होतं. त्याला ‘सर’ किताब मिळाल्यावर ती लेडी कोर्डा झाली. १९४५ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी तिने बॅलर्डशी लग्न केलं. त्यानंतरही दोन लग्नं झाली. सिनेमे येत राहिले, पण कॅथीची उंची पुन्हा आली नाही.

१९७८ मध्ये ती होबार्टला गेली. गावाने आपली लेक म्हणून नगरभवनात स्वागत ठेवलं होतं. तो समारंभ तिला निभावता आला नाही. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, मॅलिबूमध्ये पक्षाघाताने ती गेली. वय ६८.

शार्लट १९३७ मध्येच वारली होती. मर्लच्या लंडनच्या घरी पाहुण्यांना ती मोलकरीण म्हणून दाखवली जाई, असं म्हणतात. १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या फोटोवरून तिचं तैलचित्र करून घेतलं. चित्रकाराला सांगितलं, रंग जरा उजळ ठेवा. मर्ल जिथे जिथे राहिली, त्या प्रत्येक घरात ते चित्र शेवटपर्यंत भिंतीवर होतं.