मांडीवरचा रांगडा ब्लूज: लॅप स्टीलची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक लॅप स्टीलवर, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून कांडीने वाजवायच्या विजेवरच्या गिटारवर, वाजवलेल्या रांगड्या ब्लूजची आवडती रेकॉर्डिंगं कोणती, असं चार जाणकारांना विचारलं की निम्मी नावं हमखास चुकीची येतात. जेफ हीली येतोच. हीली गिटार मांडीवर आडवी ठेवायचा हे खरं, पण ती साधी इलेक्ट्रिक गिटार होती आणि तारा तो वरून बोटांनी दाबायचा. मांडी होती, स्टील नव्हतं. मग एल्मोर जेम्स येतो. त्याच्या बोटात नळी होती, पण गिटार चारचौघांसारखी छातीशी धरलेली. तिथे स्टील म्हणता येईल, मांडी नाही. ही चूक ऐकणाऱ्यांच्या कानांची कमी आणि नावाची जास्त आहे.

‘स्टील गिटार’ या नावातलं स्टील म्हणजे तारा नव्हेत आणि गिटारचा धातूचा सांगाडाही नव्हे. डाव्या हातात जी पोलादाची जड कांडी धरतात, ते हे स्टील. पट्ट्यांवर तार दाबायचीच नाही. तारा मुद्दाम उंच बसवलेल्या असतात आणि कांडी त्यांच्यावरून सरकते. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली आणि तिचं श्रेय बहुतेक वेळा जोसेफ केकुकूला दिलं जातं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाई संगीताची लाट अमेरिकाभर पसरली. पुढे पत्र्याच्या कर्ण्याच्या, चकाकत्या धातूच्या गिटारी आल्या आणि लोक त्यांनाच ‘स्टील गिटार’ म्हणू लागले. बाटलीची मान बोटात घालून वाजवणारेही त्याच खात्यात जमा झाले. १९५० च्या दशकात पेडल स्टील आली, म्हणजे पायातल्या पेडलने तारांचा सूर बदलणारी; तिनेही आडनाव तेच लावलं. एका शब्दाखाली चार वाद्यं राहू लागली, आणि ब्लूजचे संग्रह काढणाऱ्यांनी ती वेगळी करण्याची तसदी घेतली नाही. दुकानात एकच कप्पा पुरला, एवढंच त्यामागचं कारण असावं.

आपल्याकडचा शब्द खरं तर जास्त बरा. मराठी घरांत हे वाद्य ‘हवाईयन गिटार’ म्हणूनच ठाऊक आहे. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत ज्या सिनेगीतांच्या धून वाजायच्या, त्यांतल्या कितीतरी याच वाद्यावरच्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वावरलेल्या व्हॅन शिप्ली यांच्या तबकड्या अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. गंमत अशी की १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतही ब्लूजवाले हेच नाव वापरत होते. शिकागोत रेकॉर्ड करणारा केसी बिल वेल्डन ‘हवाईयन गिटारचा जादूगार’ म्हणूनच विकला जायचा. श्रीव्हपोर्टचा ऑस्कर ‘बडी’ वुड्स आणि त्याच्याकडून शिकलेला टेक्सासचा ब्लॅक एस हे दोघेही गिटार मांडीवरच घ्यायचे. पुढच्या समीक्षकांना ‘हवाईयन’ शब्दात हॉटेलांतल्या फुलांच्या माळा दिसल्या असाव्यात. त्यांनी तो टाकला आणि ‘स्लाइड’ धरला. तिथूनच ब्लूजच्या इतिहासातून मांडी गायब झाली, असं माझं मत आहे.

वीज मात्र या वाद्याला सगळ्यांत आधी मिळाली. विक्रीसाठी बनलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार उभी नव्हती, आडवी होती. १९३२ मध्ये बाजारात आलेली ही अ‍ॅल्युमिनियमची ओतीव लॅप स्टील तव्यासारखी गोल होती आणि तिचा दांडा लांब, म्हणून तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. तारांना वरून कवेत घेणारे घोड्याच्या नालासारखे दोन चुंबक हे तिचं हृदय. पेटंटचा अर्ज १९३४ चा, पण ते हातात पडलं १९३७ मध्ये. तोवर इतर कारखान्यांनी आपापल्या आवृत्त्या विकायला काढल्या होत्या.

या वाद्यावर ब्लूज इतका फिट्ट का बसतो, हे आपल्या कानांना समजावून सांगावं लागत नाही. ब्लूजचा गंधार ना पुरता कोमल, ना पुरता शुद्ध. पट्ट्यांच्या गिटारवर तो तार खेचून मिळवावा लागतो. इथे कांडी दोन रेघांच्या मध्ये थांबवली की झालं. मींड तर फुकटचीच. खरखर मात्र कांडीतून येत नाही. ती येते व्हॉल्व्हच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून. घरात शिकण्यासाठी, गोड हवाई सुरांसाठी बनवलेला तो डबा दारूच्या गुत्त्यात नेऊन त्याचं बटण शेवटपर्यंत पिळलं की आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज म्हणजेच हा ब्लूज.

पुढचं वळण कंट्री संगीताने दिलं. १९५४ मध्ये गाजलेल्या एका कंट्री गाण्यात पेडलने सूर वाकवल्याचं ऐकू आलं आणि बघता बघता नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या राजधानीला, पेडलशिवाय चालेना. बिनपेडलची स्टील तिथे जुनी ठरली. ती ज्यांच्या हातात राहिली, त्यांत टेक्सासचे काळे वादक होते, आणि त्यांत पहिलं नाव हॉप विल्सनचं.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे. ह्यूस्टनच्या वस्त्यांमधल्या छोट्या बारमध्ये वाजवणारा हा माणूस. हॉप हे ‘हार्प’चं, म्हणजे तोंडाने वाजवायच्या बाजाचं, बिघडलेलं रूप. त्याच्याकडे आठ तारांची, दोन नेकची स्टील होती. असलं धूड सहसा मांडीवर पेलत नाही, पायांवर उभं करतात. म्हणजे लॅप स्टीलच्या ब्लूजचा हा सर्वांत मोठा वादक ‘लॅप’ या शब्दातही धड बसत नाही! १९५८ मध्ये लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या एका लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, त्याचं ‘चिकन स्टफ’ काढलं. त्यात गाणं नाही, नुसती स्टील आणि मागे दणका. १९६०-६१ मध्ये ह्यूस्टनमध्येच तबकड्यांच्या आणखी काही बाजू रेकॉर्ड झाल्या. तिथे लेबलचा मालकच ड्रमवर बसलेला. त्यांतलं ‘माय वुमन हॅज अ ब्लॅक कॅट बोन’ ऐकावं. काळ्या मांजराचं हाड हा दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या जादूटोण्यातला ताईत. बाईकडे तो आहे, म्हणून गडी हतबल. गायक एक ओळ म्हणतो आणि कांडी तिला उत्तर देते, पण ते उत्तर सांत्वनाचं नसतं. पुढे ब्लूज-रॉकचा गिटारवादक जॉनी विंटर याने हे गाणं उचललं आणि मग ते अनेकांनी वाजवलं. हॉपला गावोगाव फिरायची हौस नव्हती. १९७५ मध्ये तो ह्यूस्टनमध्येच वारला. त्याचं जवळजवळ सगळं काम एका सीडीत मावतं.

त्यानंतरची रेकॉर्डिंगं जास्त सहज मिळतात, म्हणून याद्यांत तीच पुढे असतात. अर्ल हूकरचं ‘टू बग्ज अँड अ रोच’ (ध्वनिमुद्रण १९६८, शिकागो) कान तयार करायला उत्तम. हूकर स्वतः उभ्या गिटारवर बोटातली नळी फिरवतो आणि शेजारी फ्रेडी रुलेट स्टीलवर असतो. कोण कुठे आहे हे ओळखता आलं, की निम्मा गोंधळ मिटला. रुलेटचं स्वतःचं ‘स्वीट फंकी स्टील’ १९७३ चं. टेक्सासहून कॅलिफोर्नियाला गेलेला एल. सी. रॉबिन्सन स्टीलबरोबर फिडलही वाजवायचा. त्याचं ‘अप्स अँड डाउन्स’ १९७१ चं. सनी ऱ्होड्सही मूळचा टेक्सासचाच. डोक्याला पगडी बांधून तो मंचावर यायचा. फोटो पाहून आपल्याकडच्या कुणालाही हा पंजाबचा पाहुणा वाटावा. त्याचं ‘डिसायपल ऑफ द ब्लूज’ १९९१ चं.

वाद उरतो तो चर्चच्या स्टीलचा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या एका पेंटेकोस्टल ख्रिस्ती पंथात १९३० च्या दशकापासून प्रार्थनेला ऑर्गनऐवजी स्टील गिटार वाजते. बाहेरच्या जगाला हे नीट कळलं १९९७ मध्ये, फ्लोरिडात ध्वनिमुद्रित केलेला एक संग्रह आला तेव्हा. त्यानंतर पाच वर्षांत रॉबर्ट रँडॉल्फचं ‘लाइव्ह अ‍ॅट द वेटलँड्स’ निघालं आणि तरुण श्रोते तुटून पडले. पण रँडॉल्फ वाजवतो ती तेरा तारांची पेडल स्टील. शिवाय पंथातल्या वडीलधाऱ्यांना आपले वादक क्लबात गेलेले रुचत नव्हते, आणि देवाच्या गाण्याला ब्लूज म्हणणं तर त्याहून नाही. ब्लूजच्या याद्या करणाऱ्यांनी हे सगळं बिनदिक्कत आत घेतलं. जुनी, बिनपेडलची चर्च-स्टील या यादीत घ्यायला माझी हरकत नाही, कारण तिचा आवाज ह्यूस्टनच्या गुत्त्यांचा सख्खा भाऊ आहे. पेडलवाल्यांची यादी वेगळी करावी.

ऱ्होड्स २०२१ च्या डिसेंबरात गेला, रुलेट साधारण वर्षभराने. हॉप विल्सन शोधणाऱ्यांसाठी एक सूचना: ह्यूस्टनच्या तबकड्यांवर त्याचं नाव ‘पॉपा हॉप’ असं छापलेलं आहे, तेव्हा दोन्ही नावांनी शोधावं.