दादर-गिरगावात भाड्याचे दोन भाव का?

दादर किंवा गिरगावात भाड्याची जागा बघायला गेलं की एकाच गल्लीत दोन भाव ऐकू येतात. जुन्या इमारतीतला पागडीचा, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन जागा घेतलेला, भाडेकरू महिन्याला काहीशे रुपये भरतो, शेजारच्या टॉवरमधल्या फ्लॅटचं भाडं मात्र पाच आकडी असतं. या दरीचं मूळ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे.

युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणं गरजेचंच होतं. पण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं, आणि तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ मिळत अर्धशतक टिकला. भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना. मग मालक घर देताना रोख पागडी घेऊ लागले. ती बेकायदा असल्याने कागदावर येत नसे.

आजच्या भाडेकरूला सर्वांत जास्त भोवतो तो १९७३ चा बदल. त्या वर्षी १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, राहत असलेल्यांना कायद्याने संरक्षित भाडेकरू केलं. 'आज ठेवला, तर उद्या निघणार नाही' ही धास्ती मालकांच्या मनात तेव्हा घट्ट बसली. अनेकांनी फ्लॅट कुलूपबंद ठेवले, काहींनी फक्त कंपन्यांना दिले. जड डिपॉझिट आणि छोटी मुदत यांमागेही हीच धास्ती होती.

गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली आणि पागडी कायदेशीर झाली. मुदत संपूनही लायसन्सी (लायसन्सवर राहणारा) जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. त्याची जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात.

म्हणून ११ महिन्यांचाच करार करण्याचा हट्ट आता निव्वळ सवयीचा आहे. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या कायद्याने नोंदणी लागत नाही, तिथून तो आला. महाराष्ट्रात ती सवलत उरलेली नाही, उलट दर नूतनीकरणाला दलाली मात्र पुन्हा मागितली जाते. २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या. मुद्रांक शुल्क किरकोळ असतं: ३०,००० भाडं, १ लाख डिपॉझिट आणि १२ महिने धरले, तर ३,६०,००० भाडं अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी १०,००० व्याज, अशा ३,७०,००० वर ०.२५ टक्के, म्हणजे ९२५ रुपये. नोंदणी फी वेगळी.

दोन जागांचा भाव ताडताना डिपॉझिटही महिन्याच्या हिशेबात आणा. ६ टक्के व्याज धरलं तर एक लाख म्हणजे महिना ५००. मालक स्वतः राहत नसल्याने सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क कोण भरणार, तेही आधीच ठरवा. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ते लावता येत नाही.

जुन्या इमारतीतली जागा स्वस्तात मिळत असेल, तर भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. पागडीवाल्याने मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, तर त्याचीच जागा जाऊ शकते. मग तुमचं डिपॉझिट त्याच्याकडे अडकतं आणि मालक तुम्हाला ओळखतही नाही. मालकाची लेखी संमती हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.