संशोधनाचा डेटा कुठे राहतो, आणि तिथे त्याचं काय होतं

टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एका साध्या, पण झोप उडवणाऱ्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. वनस्पती आणि प्राण्यांच्या शरीररचनेच्या मोजमापांवर आधारलेले 516 शोधनिबंध त्यांनी निवडले. त्यातले सर्वांत नवे 2 वर्षांपूर्वीचे होते, तर सर्वांत जुने 22 वर्षांपूर्वीचे. मग लेखकांना ईमेल करून त्यांनी मूळ आकडेवारी मागितली. निबंध जितका जुना, तितकी निराशा मोठी. डेटा शाबूत असण्याची शक्यता प्रत्येक वर्षामागे 17 टक्क्यांनी घसरत होती. कुणाचा ईमेल पत्ता बंद पडला होता, कुणाचा डेटा हरवला होता, तर कुणाकडे तो होता, पण अशा जुन्या डिस्कवर की ती वाचणारं यंत्रच हाताशी नव्हतं. निबंध ग्रंथालयांत सुखरूप होते. ते ज्या आकड्यांवर उभे होते, ते आकडेच निघून गेले होते.

त्यातली कितीतरी मोजमापं पुन्हा घेता येणार नाहीत. एखाद्या तळ्यातले मासे 1995 साली किती लांबीचे होते, हे आज पट्टी घेऊन मोजता येत नाही.

वेबवर चालणाऱ्या डेटा प्लॅटफॉर्मची गरज इथून सुरू होते. ब्राउझरमधून लॉगिन करायचं, फाइल अपलोड करायची, तिथल्याच साधनांनी तिच्यावर प्रक्रिया करायची आणि निकाल तिथेच ठेवायचा किंवा डाउनलोड करून घ्यायचा, असं त्याचं ढोबळ रूप. जीवशास्त्रातला ‘गॅलेक्सी’ 2005 पासून हे काम करतो आहे. उपग्रहचित्रांसाठी ‘गूगल अर्थ इंजिन’ आहे. सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेनं 2013 मध्ये सुरू केलेलं ‘झेनोडो’ मुख्यतः साठवणीसाठी आहे, आणि कोणत्याही विषयाच्या संशोधकाला ते खुलं आहे. बरेच जण या सगळ्याकडे इंटरनेटवरची मोठी हार्ड डिस्क म्हणून पाहतात. जागा मिळते हे खरंच. पण मला विचाराल तर जागा हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. खरी किंमत आहे ती नोंदीला. फाइल कुठून आली, तिच्यावर काय काय केलं, कोणत्या क्रमानं आणि साधनाच्या कोणत्या आवृत्तीनं केलं, याची नोंद.

हे समजून घ्यायला एक फाइल जवळून पाहू. डीएनए वाचणारं यंत्र आपला निकाल बहुधा ‘फास्टक्यू’ नावाच्या स्वरूपात देतं. ही साधी मजकुराची फाइल असते. डीएनएच्या वाचलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी तिच्यात चार ओळी असतात. पहिली @ या चिन्हानं सुरू होते आणि तुकड्याचं नाव सांगते. दुसरीत ए, सी, जी, टी या अक्षरांची माळ असते. तिसरीत नुसतं + असतं. चौथी ओळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला कचरा वाटते, कारण तिच्यात प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं, अक्षरं, आकडे यांची सरमिसळ असते. खरं तर ती सगळ्यात प्रामाणिक ओळ आहे. दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक अक्षराबद्दल यंत्राला किती खात्री वाटते, हे ती एकेका चिन्हानं सांगते. हल्लीच्या प्रचलित पद्धतीत प्रश्नचिन्ह असेल तर ते अक्षर चुकीचं असण्याची शक्यता हजारात एक. इंग्रजी मोठं ‘आय’ असेल तर दहा हजारात एक. उद्गारचिन्ह असेल तर यंत्र सांगतंय की या अक्षरावर अजिबात विसंबू नका.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरं आहेत. प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा वाचायची म्हटली तर 90 अब्ज अक्षरं झाली, आणि तितकीच खात्रीची चिन्हं. कॉम्प्रेस केल्यावरही हा ऐवज ईमेलला जोडून पाठवावा इतका लहान राहत नाही.

समजा, असा 100 जीबीचा संच अपलोड करायचा आहे आणि जोडणीचा वेग सेकंदाला 50 मेगाबिट आहे. हिशेब केला तर 16,000 सेकंद, म्हणजे साडेचार तासांच्या जवळपास लागतात, आणि तेही वेग जराही न घसरता. इतक्या वेळात जोडणी एकदाही तुटणार नाही असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. म्हणून चांगले प्लॅटफॉर्म फाइलचे तुकडे करून घेतात. मध्येच जोडणी गेली तर शेवटच्या पोचलेल्या तुकड्यापासून काम पुढे सुरू होतं. अपलोड तुटल्यावर सगळं पहिल्यापासून करायला लावणारा प्लॅटफॉर्म मोठ्या फाइलींसाठी कुचकामी समजावा.

फाइल पोचली म्हणजे नीट पोचली असं मात्र नाही. त्यासाठी चेकसम असतो. फाइलमधली सगळी अक्षरं एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून काढली की शेवटी एक छोटा कोड मिळतो. ‘शा-256’ ही पद्धत वापरली तर तो 64 अक्षरांचा असतो, मग फाइल एका ओळीची असो वा 100 जीबीची. मूळ फाइलमध्ये एक जरी अक्षर बदललं, तरी कोड पूर्ण वेगळा येतो. पाठवण्यापूर्वी आपल्या संगणकावर कोड काढायचा, पोचल्यावर सर्व्हरनं काढलेल्या कोडशी ताडून पाहायचा. जुळला की वाटेत काही बिघडलेलं नाही. पुष्कळ ठिकाणी अजून ‘एमडी5’ ही जुनी पद्धत चालते. तिला फसवून दोन वेगळ्या फाइलींचा एकच कोड आणता येतो हे 2004 मध्ये दाखवलं गेलं. म्हणून मुद्दाम केलेल्या फेरफारापासून ती वाचवत नाही. अपघातानं झालेली मोडतोड पकडायला ती आजही पुरते. हा चेकसम पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. दहा वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला ती तीच आहे हे पडताळायला दुसरा इतका स्वस्त उपाय नाही.

आता प्रक्रियेकडे. इतकी मोठी फाइल एकदा सर्व्हरवर गेली की ती पुन्हा खाली उतरवून घरच्या संगणकावर काम करण्यात अर्थ नसतो. म्हणून डेटा हलवायचा नाही, गणित डेटापाशी न्यायचं. आपण ब्राउझरमध्ये साधन निवडतो, पर्याय भरतो, बटण दाबतो. ते काम तिकडच्या संगणकांच्या समूहावर रांगेत लागतं, पाळी आली की चालतं, आणि संपलं की निकाल आपल्या खात्यात दिसतो. मधल्या वेळात आपला संगणक बंद असला तरी चालतं.

या पद्धतीचं बळ 2013 मध्ये ठळकपणे दिसलं. मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी 2000 ते 2012 या काळात जगभरातलं जंगल कुठे घटलं आणि कुठे वाढलं याचा नकाशा प्रसिद्ध केला. जमिनीचा 30 मीटरचा चौकोन हे त्याचं माप. त्यासाठी लँडसॅट उपग्रहाची साडेसहा लाखांहून अधिक चित्रं तपासावी लागली. एका संगणकाला हे करायला पंधराएक वर्षं लागली असती. अर्थ इंजिनवर चित्रं आधीपासूनच होती आणि गणित हजारो संगणकांवर एकाच वेळी चाललं, त्यामुळे ते काही दिवसांत आटोपलं. यातला एक धागा सहज नजरेआड होतो. लँडसॅटची चित्रं 2008 पासून सर्वांना मोफत मिळू लागली होती. ती विकत घ्यावी लागत असती, तर नुसत्या संगणकांच्या जोरावर हा नकाशा झाला नसता.

आणि आता नोंदीकडे, ज्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. ‘गॅलेक्सी’मध्ये काम करताना पडद्याच्या उजव्या बाजूला ‘हिस्टरी’ नावाचा रकाना दिसतो. आपण अपलोड केलेली प्रत्येक फाइल आणि प्रत्येक टप्प्याचा निकाल तिथे क्रमांकानं उभा असतो. कोणत्याही निकालावर क्लिक केलं की तो कोणत्या फाइलींपासून बनला, कोणतं साधन, त्याची कोणती आवृत्ती, कोणते पर्याय, हे सगळं समोर येतं. संशोधकानं वेगळं काही लिहून ठेवलेलं नसतं. काम करता करता ते आपोआप लिहिलं जातं. त्याच टप्प्यांची साखळी वेगळी काढून दुसऱ्या डेटावर चालवता येते, आणि पूर्ण इतिहास दुसऱ्या संशोधकाला एका लिंकनं देता येतो.

हे इतकं महत्त्वाचं का? एक उदाहरण पुरे. मानवी जनुकसंचाचा प्रमाण नकाशा वेळोवेळी सुधारला जातो. ‘जीआरसीएच37’ ही आवृत्ती 2009 ची, ‘जीआरसीएच38’ 2013 ची. दोन्ही आजही वापरात आहेत. नव्या आवृत्तीत काही भाग भरले गेले, काही दुरुस्त झाले, त्यामुळे पुढच्या अक्षरांचे क्रमांक सरकले. निकालात नुसतं ‘या गुणसूत्रावर अमुक क्रमांकाच्या जागी बदल आढळला’ असं लिहिलेलं असेल आणि आवृत्ती लिहिलेली नसेल, तर वाचणारा भलत्याच जागेकडे पाहत बसू शकतो. आकडा बरोबर, अर्थ चुकीचा.

नोंद न ठेवता हातानं केलेल्या कामाचे परिणाम याहून विचित्र असू शकतात. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘सेप्ट2’, ‘मार्च1’ अशी होती. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल त्यांना तारखा समजतं आणि विचारल्याशिवाय 2 सप्टेंबर, 1 मार्च करून टाकतं. फाइल सेव्ह केली की मूळ नाव गेलं ते गेलंच. 2016 मध्ये मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले हजारो निबंध तपासले, तेव्हा त्यातल्या सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघाड सापडले. अखेर 2020 मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली. ‘मार्च1’चं ‘मार्चएफ1’ झालं, ‘सेप्ट2’चं ‘सेप्टिन2’. एका सॉफ्टवेअरच्या सवयीपुढे जनुकांनी माघार घ्यावी, हे मला अजूनही खटकतं. एक्सेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवलेली असेल आणि प्रत्येक बदल नोंदवलेला असेल, तर असा घोळ झाल्यावर मागे जाता येतं. चांगला प्लॅटफॉर्म मूळ फाइलीवर काहीच लिहू देत नाही. प्रत्येक टप्पा नवी फाइल तयार करतो.

तरीही प्लॅटफॉर्मवर टाकलं म्हणजे निर्धास्त झालो, असं समजू नये. डिसेंबर 2021 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे 77 टीबी डेटा, म्हणजे जवळपास 3 कोटी 40 लाख फाइली, पुसल्या गेल्या. 14 संशोधन गटांना याचा फटका बसला. कारण समजून घेण्यासारखं आहे. बॅकअपचं काम करणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, जुन्या लॉग फाइली (यंत्रणेच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) पुसत असे. ती चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली स्क्रिप्ट ठेवण्यात आली. अशी स्क्रिप्ट संगणक एका दमात वाचत नाही, चालवता चालवता पुढचा भाग वाचतो. त्यामुळे तो जुन्या स्क्रिप्टच्या अर्ध्यातून एकदम नव्या स्क्रिप्टच्या मध्यावर येऊन पडला. कोणत्या फोल्डरमधलं पुसायचं हे ज्यात लिहिलेलं असतं, ते व्हेरिएबल (स्क्रिप्टमधली माहितीची जागा) रिकामं राहिलं, आणि लॉग फाइलींऐवजी संशोधकांच्या फाइली गेल्या. ज्या यंत्रणेवर बॅकअपचा भरवसा होता, तिनंच हे केलं. म्हणून जाणकार सांगतात की तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. प्रक्रियेचा प्लॅटफॉर्म यातली एक प्रत धरावी, तिन्ही नव्हे. अशा ठिकाणी प्रत्येक खात्याला जागेची मर्यादा असते आणि बरेच दिवस न वापरलेलं काम काढून टाकायचे नियमही असू शकतात. ते सुरुवातीलाच वाचावेत.

माणसांच्या डेटाची गोष्ट आणखी वेगळी. नाव काढून टाकलं की ओळख पुसली, असा समज होता. 2013 मध्ये मेलिसा गिमरेक, यानिव अर्लिख आणि सहकाऱ्यांनी उघड उपलब्ध असलेल्या निनावी जनुकसंचांतल्या, आडनावासारख्याच वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या खुणा वंशावळीच्या संकेतस्थळांशी ताडल्या आणि आडनावांचा माग काढत जवळपास 50 जणांची ओळख पटवून दाखवली. असा डेटा खुला ठेवता येत नाही. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मध्ये 5 लाख स्वयंसेवकांची माहिती आहे. तिच्यासाठी 2021 मध्ये वेगळा विश्लेषण प्लॅटफॉर्म सुरू झाला. परवानगी मिळालेला संशोधक तिथे जाऊन काम करतो. गणित डेटापाशी नेण्याची तीच पद्धत इथे वेगासाठी नाही, माणसांच्या संरक्षणासाठी कामी येते.

काम संपल्यावर फाइली दीर्घकाळासाठी ‘झेनोडो’सारख्या भांडारात ठेवाव्यात. तिथे प्रत्येक संचाला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो, सुधारित आवृत्तीला तिचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि निबंधात तो क्रमांक दिला की वाचणारा नेमक्या त्याच आवृत्तीपाशी पोचतो. ईमेल पत्ता बंद पडला तरी काही बिघडत नाही.

संच ठेवताना सोबत साध्या मजकुराची एक ‘रीडमी’ फाइल ठेवावी, आणि तिच्यावर घाई करू नये. कोणती फाइल कच्ची, कोणती प्रक्रिया केलेली. कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती. तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याचं पूर्ण नाव आणि एकक. ‘टेम्प’ लिहिलं असेल तर ते सेल्सिअस की केल्विन. रिकामा चौकोन म्हणजे शून्य, की मोजमाप घेतलंच नाही. −999 असा आकडा दिसला तर तो खरा आहे, की माहिती उपलब्ध नसल्याची खूण आहे. हे सगळं आज पंधरा मिनिटांत लिहून होतं, कारण ते आज आपल्याला आठवतं.