मुडा, मुरा, मुरी: कारखान्यातून साइटवर

‘लीन’, म्हणजे सडपातळ, फापटपसारा नसलेलं बांधकाम म्हटलं की आपल्याकडे आधी डोळ्यांपुढे येतात ते सळईचे उरलेले तुकडे आणि दगड होऊन गेलेल्या सिमेंटच्या गोण्या. या पद्धतीची सुरुवात मात्र वेळापत्रकाच्या धरसोडीतून झाली.

महायुद्धानंतरच्या जपानात टोयोटाला सुटे भाग वेळेवर मिळत नसत. महिन्याचा पूर्वार्ध ते गोळा करण्यातच जाई, मोटारींची जोडणी उत्तरार्धात घाईघाईने उरकावी लागे. तिथले अभियंते तैइची ओनो यांनी यातून वाट काढत जी पद्धत उभी केली तिने तीन शत्रू मानले: मुडा म्हणजे नासाडी, मुरा म्हणजे चढउतार, मुरी म्हणजे झेपणार नाही इतका भार. काम लाटेसारखं आलं की माणसं आधी बसून राहतात, मग रात्रपाळ्या करतात, आणि चुका तिथेच होतात. जगाने यातला मुडाच तेवढा उचलला, कारण तो मोजायला सोपा.

टोयोटाच्या या पद्धतीला ‘लीन’ हे नाव १९८८ साली अभ्यासक जॉन क्राफसिक यांनी दिलं. १९९२ मध्ये फिनलंडचे संशोधक लॉरी कोस्केला यांनी स्टॅनफर्डमध्ये लिहिलेल्या अहवालात हा विचार बांधकामाला लावला. वाट पाहणं, माल हलवणं, तपासणं यांतही पैसा जातो, पण नियोजनात ते दिसतच नाही, हा त्यांचा आक्षेप.

खरा धक्का ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकामाच्या अमेरिकन अभ्यासकांच्या मोजणीने दिला. आठवड्यासाठी कबूल केलेल्या कामांपैकी ठरल्या वेळी पूर्ण होत होती ती जेमतेम निम्मी, ५४ टक्क्यांच्या आसपास! आपल्याकडच्या कुठल्याही साइट इंजिनिअरला यात नवल वाटणार नाही. प्लास्टरवाले सोमवारी हजर, पण भिंतीत वायरिंगचे पाइपच गाडलेले नाहीत. मग शनिवारी दोन मजले एकदम.

यावर बॅलर्ड यांनी ‘लास्ट प्लॅनर’ (शेवटचा नियोजक) पद्धत काढली. प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्या मुकादमानेच आठवड्याचा शब्द द्यायचा, अडथळे आधी काढायचे, आणि काम हुकलं तर कारण लिहायचं. १९९७ मध्ये दोघांनी अमेरिकेत लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९९३ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेली या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद २०१८ साली चेन्नईत भरली.

पूर्ण झालेल्या कामांची टक्केवारी फळ्यावर लिहिणं आपल्याला जमतं. पण ‘हे या आठवड्यात होणार नाही’ असं मुकादमाने साहेबांना तोंडावर सांगणं हाही या पद्धतीचाच भाग आहे, आणि घोडं अजून तिथेच अडतं.