खापर आणलं, पण माती कुठे आहे?

पुरातत्त्व मंडळाच्या वार्षिक संमेलनाला मी जातो तो श्रोता म्हणून. सकाळची सत्रं ठरलेली असतात: गेल्या हंगामातल्या उत्खननांचे अहवाल, थरांच्या आकृत्या, आणि वेळ संपल्याची चिठ्ठी वक्त्याकडे सरकवणारे अध्यक्ष. पण सगळे खरी वाट बघत असतात ती दुपारच्या त्या तासाची, ज्यात सभासद आपापल्याला सापडलेल्या वस्तू टेबलावर मांडतात आणि जाणकारांना दाखवतात. या वर्षी एका निवृत्त अभियंत्यांनी पाच-सहा खापरं आणली होती. ब्रशने घासून लख्ख केलेली, कापसात ठेवलेली. त्यांनी कालमापनावर व्याख्यान देणाऱ्या तरुण संशोधिकेला विचारलं, "मॅडम, याचं कार्बन डेटिंग केलं की वय कळेल ना?"

ती म्हणाली, "काका, यात कार्बन कुठे आहे? आणि याच्याभोवतीची माती कुठे आहे?"

पहिला प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवू. कार्बन-१४ हे घड्याळ चालतं ते एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंवर. लाकूड, कोळसा, हाडं, बिया. जीव मेला की बाहेरून नवा कार्बन यायचा थांबतो आणि आत असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. सुमारे ५०,००० वर्षांनंतर तो इतका कमी उरतो की मोजणंच अवघड होतं. भाजलेल्या मातीत हे काही नाही. खापराला स्वयंपाकाची काजळी किंवा अन्नाचा अंश चिकटलेला असता तर गोष्ट वेगळी होती, पण काकांनी तोही घासून काढला होता. तरीही "दगडी मूर्तीचं कार्बन डेटिंग करा" अशा मागण्या बातम्यांत अधूनमधून दिसतात. दगडाचं कार्बन डेटिंग म्हणजे दगडाची जन्मपत्रिका मांडण्यासारखं आहे. बरं, दुसऱ्या एखाद्या पद्धतीने दगडाचं वय काढलंच, तर ते दगड तयार झाला तेव्हाचं निघेल, म्हणजे कोट्यवधी वर्षं. त्यावर छिन्नी कधी चालली, हे त्यातून कळत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र वाळूच्या कणाच्या आत शिरावं लागेल. माझ्या मते ही पुरातत्त्वातली सर्वांत देखणी युक्ती आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

वाळूत आणि कुंभाराच्या मातीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे कण असतात. क्वार्ट्झचा स्फटिक म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंची शिस्तीत केलेली मांडणी. पण ती शिस्त कधीच पूर्ण नसते. कुठे एखादा अणू गायब असतो, कुठे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम येऊन बसलेलं असतं. अशा दोषांच्या जागी इलेक्ट्रॉनसाठी खड्डे तयार होतात. एरवी इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना बांधलेले असतात. पण आजूबाजूच्या मातीत अत्यल्प प्रमाणात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० असतं, आणि त्यांचा किरणोत्सार या कणांवर सतत पडत राहतो. किरणाचा धक्का बसून काही इलेक्ट्रॉन सुटतात, भटकतात आणि त्यातले थोडे या खड्ड्यांत जाऊन पडतात. खोल खड्ड्यात पडलेला इलेक्ट्रॉन साध्या तापमानाला लाखो वर्षं तिथेच राहू शकतो.

बंद घरातल्या टेबलावर धूळ साचावी तसं हे आहे. रोज थोडी, एकाच चालीने. धूळ किती साचली आणि रोज किती पडते हे कळलं, की घर कधीपासून बंद आहे ते सांगता येतं. ही चाल एकसारखी राहते, कारण धूळ पाडणारे मोठे दीर्घायुषी आहेत. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाल साधारण ४४७ कोटी वर्षं, पोटॅशियम-४० चा १२५ कोटी. त्यांच्या हिशेबात पाच हजार वर्षं म्हणजे डोळ्याची पापणी लवणंही नाही.

आता टेबल पुसायचं कोणी? एक तर उष्णतेने. मडकं भट्टीत ५०० अंशांवर तापलं की खड्ड्यांतले इलेक्ट्रॉन निसटतात आणि हिशेब शून्यावर येतो. म्हणून खापराचं हे घड्याळ सुरू होतं ते मडकं शेवटचं भाजलं गेलं त्या दिवशी. दुसरं म्हणजे सूर्यप्रकाशाने. क्वार्ट्झमधले प्रकाशाला हळवे खड्डे लख्ख उन्हात काही सेकंदांत जवळजवळ रिकामे होतात. मग वाऱ्याने उडालेला कण कुठेतरी बसतो, त्यावर दुसरे कण येतात, अंधार होतो आणि धूळ पुन्हा साचू लागते.

निसटलेला इलेक्ट्रॉन आपल्या जागी परतताना कधी कधी प्रकाशाचा एक कण सोडतो. हाच तो संकेत. हिरा अंगाच्या उबेने अंधारात मंद चमकतो, ही नोंद रॉबर्ट बॉइलने १६६३ मध्येच करून ठेवली होती, आणि ऊब कुठली तर रात्री अंथरुणात स्वतःच्या उघड्या अंगाची! त्याचा उपयोग मातीच्या भांड्यांच्या वयासाठी होईल हे सुचवायला मात्र १९५३ साल उजाडलं. ते सुचवलं अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी. ऑक्सफर्डमध्ये मार्टिन एटकेन आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत खापरांवर घडवली. ऊन पाहिलेल्या गाळावर ती चालते हे पुढच्या दशकांत दिसलं. राजस्थानच्या वाळूच्या टेकड्यांचं वय अहमदाबादच्या अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर काढलं आणि ते १९८२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. १९८५ मध्ये कॅनडातल्या डेव्हिड हंटले आणि सहकाऱ्यांनी कण तापवण्याऐवजी त्यावर हिरवा लेझर टाकला. तिथून सुरू झालेल्या पद्धतीला ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स, म्हणजे प्रकाशाने चेतवलेली चमक) म्हणतात. हल्ली लेझरऐवजी बहुधा निळे एलईडी असतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'स्फटिक ऊर्जा साठवतात' असं म्हणत गारेचे खडे विकणारे बरेच आहेत. गंमत म्हणजे ते अगदीच खोटं नाही! क्वार्ट्झ खरोखर ऊर्जा साठवतं. पण दोन-तीन हजार वर्षांत त्याला मिळते ती दर किलोग्रॅममागे फार तर पाच-दहा ज्यूल. ती सगळी उष्णता झाली, तरी खडा एका अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाने तापेल. त्यातलाही किरकोळ वाटाच खड्ड्यांत टिकतो. आणि हे विक्रेते खडा 'चार्ज' करायला उन्हात ठेवायला सांगतात. उन्हात ठेवल्यावर होता तोही साठा जातो.

तर प्रयोगशाळा. नमुना घ्यायचा तोच अंधारात. उत्खननाच्या खड्ड्याच्या भिंतीत लोखंडी किंवा पीव्हीसीची नळी ठोकायची, दोन्ही तोंडं बंद करून काळ्या पिशवीत घालायची. पुढचं सगळं मंद लाल दिव्यात, जुन्या फोटो स्टुडिओतल्या डार्करूमसारखं. नळीच्या टोकांकडची ऊन लागलेली माती बाजूला काढतात, मधली वापरतात. चुना घालवायला हायड्रोक्लोरिक आम्ल, सेंद्रिय पदार्थ घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी हायड्रोफ्लोरिक आम्ल. हे शेवटचं भयंकर आहे, पण त्यानेच वाळूतलं फेल्डस्पार नावाचं दुसरं खनिज विरघळतं आणि क्वार्ट्झच्या कणांची बाहेरची साल निघते. उरतात ते मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे स्वच्छ कण.

त्यांच्यावर निळा प्रकाश टाकतात आणि ते सोडतात तो अतिनील प्रकाश मोजतात. पण प्रत्येक कणाची चमकण्याची तयारी वेगळी. एकसारखा किरणोत्सार झेलूनही एक कण भरपूर उजळतो, शेजारचा ढिम्म. म्हणून आधी कणातला नैसर्गिक संकेत मोजायचा, मग त्याच कणाला प्रयोगशाळेत मोजून-मापून किरणोत्सार द्यायचा आणि तो किती उजळतो ते बघायचं. टेबल पुसून त्यावर मोजलेली धूळ टाकून पाहण्यासारखं. यात एक मेख आहे. निसर्गाने हजार वर्षांत दिलेला किरणोत्सार यंत्र काही मिनिटांत देतं. त्यामुळे उथळ खड्डेही भरतात, जे निसर्गात केव्हाच रिकामे झालेले असतात. म्हणून प्रत्येक मोजणीआधी कण थोडा तापवून उथळ खड्डे रिकामे करतात. पण तापवल्याने कणाची संवेदनशीलताच बदलते! त्यावर तोड अशी की प्रत्येक मोजणीनंतर एक छोटी, ठरावीक मात्रा द्यायची, तिचा संकेत मोजायचा आणि आधीच्या संकेताला त्याने भागायचं. अशी गुणोत्तरं वेगवेगळ्या मात्रांसाठी काढून आलेख काढायचा आणि नैसर्गिक गुणोत्तर त्यावर कुठे बसतं ते वाचायचं. २००० मध्ये अँड्र्यू मरे आणि ॲन विंटल यांनी ही रीत नीट बसवली. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर हरकत नाही. संमेलनातही इथे अर्धं सभागृह चहाकडे बघत होतं.

यातून मिळते ती एकूण मात्रा. ती 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे दर किलोग्रॅममागे एक ज्यूल. समजा एकूण मात्रा ६ ग्रे आली आणि त्या जागी हजार वर्षांत ३ ग्रे मिळतात. म्हणजे वय २,००० वर्षं.

आणि हे ३ कुठून आले? इथे काकांचं खापर अडकतं. किरणोत्सारातले अल्फा कण मातीत मिलिमीटरच्या काही शतांश भागांपुरतेच जातात, बीटा कण दोन-तीन मिलिमीटर. पण गॅमा किरण फूटभर अंतरावरून येतात. म्हणजे खापरावर वर्षानुवर्षं पडलेल्या किरणोत्सारातला मोठा वाटा खापराच्या बाहेरून, चहूकडच्या सुमारे ३० सेंटिमीटर मातीतून आलेला असतो. साधारण एक तृतीयांश धरा, म्हणजे हजार वर्षांना १ ग्रे. माती हाताशी नसेल तर हा आकडा अंदाजाने घ्यावा लागतो. अंदाजात अर्ध्या ग्रेची चूक इकडे झाली तर एकूण दर ३.५ होतो आणि वय १,७०० वर्षं निघतं. तिकडे झाली तर दर २.५ आणि वय २,४००. खापर तेच, यंत्र तेच, आणि मध्ये सातशे वर्षांचा फरक. म्हणून संशोधक खड्ड्याच्या भिंतीत गॅमा मोजणारं उपकरण खुपसून ठेवतात, किंवा किरणोत्सार मोजणाऱ्या छोट्या कुप्या महिनोन्महिने पुरून ठेवतात. माती किती ओली होती हेही बघावं लागतं, कारण पाणी किरण अडवतं. सगळं नीट जमलं तरी पाच ते दहा टक्क्यांची चूक गृहीत असते. कोणी या पद्धतीने 'नेमकं साल' सांगितलं, तर तो संशोधक नव्हे.

या घड्याळाच्या अडचणीही आहेत. पुराच्या गढूळ पाण्यातून आलेल्या कणांना पुरतं ऊन लागलेलं नसतं, टेबल अर्धवटच पुसलेलं असतं. मग शंभर भोकांच्या छोट्या चकतीवर एकेक कण वेगळा मोजून पुसलेले आणि न पुसलेले निवडावे लागतात. खड्डे भरून गेले की पुढची धूळ दिसतच नाही. क्वार्ट्झची ही मर्यादा बहुतेक ठिकाणी एक ते दीड लाख वर्षांच्या आसपास येते. त्यापलीकडे फेल्डस्पार वापरतात. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या दगडी हत्यारांचे ३,८५,००० वर्षांपूर्वीचे थर असेच मोजले गेले.

पण वस्तूत कालमापनासारखं काहीच नसताना नुसत्या मातीने काय करून दाखवलंय, ते बघायचं तर इंग्लंडमधल्या सर्न ॲबास गावाजवळ जावं लागेल. तिथे टेकडीच्या उतारावर गवत खरवडून, चर खणून त्यात खडू भरलेला एक ५५ मीटर उंच, हातात सोटा घेतलेला नग्न पुरुष कोरलेला आहे. कोणी म्हणे तो प्रागैतिहासिक आहे, कोणी म्हणे रोमन काळातला. संशयवादी म्हणत की १६९४ च्या आधी त्याचा लेखी उल्लेखच नाही, तेव्हा तो सतराव्या शतकातला वात्रटपणा असणार. उत्खनन करून खालच्या थरांतल्या मातीचं ओएसएल केलं आणि २०२१ मध्ये निकाल लागला: इसवी सन ७०० ते ११००. दोन्ही बाजू चुकल्या! खडूचं वय काढून उपयोग नव्हता, तो डायनोसॉरांच्या काळातला. आकृती कोरली तेव्हा चरात पडून झाकल्या गेलेल्या मातीने ते सांगितलं.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्समध्ये माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले, तेव्हा थरातल्या बियांच्या कार्बनवरून ते २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीचे ठरले. आक्षेप आला की बिया पाणवनस्पतीच्या आहेत, आणि पाण्यातला जुना कार्बन शोषून त्या आहेत त्यापेक्षा म्हाताऱ्या दिसत असतील. रास्त आक्षेप होता. २०२३ मध्ये त्याच जागेचे परागकण आणि क्वार्ट्झचे कण मोजले गेले. कार्बनशी काही देणंघेणं नसलेल्या क्वार्ट्झनेही ठसे किमान २१,५०० वर्षांपूर्वीचे आहेत असंच सांगितलं.

संशोधिकेने काकांना हे सगळं सांगितलं नाही, तेवढा वेळ नव्हता. तिने विचारलं ते एवढंच, की खापरं मिळाली तो खड्डा आता दाखवता येईल का. येईल, ते म्हणाले, फोटोही काढून ठेवलेत. आणि अजून काही मिळालं होतं का?

"एक छोटं मडकं आहे, जवळजवळ अख्खं. पण ते आणलं नाही, आत माती गच्च भरलीये."

ती खुर्चीतून उठलीच. "काका, ती माती काढू नका. तशीच काळ्या पिशवीत गुंडाळा आणि कपाटात ठेवा. आतल्या मातीला अजून ऊन लागलेलं नाही."

काकांचा चेहरा जरा पडला. नातवाला सकाळीच सांगून आलोय धुऊन ठेवायला, असं पुटपुटत ते फोन लावायला सभागृहाबाहेर गेले.