कॅथेड्रल समर्पणाचा वर्धापनदिन

कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रत्येक धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपांच्या (वरिष्ठ धर्मगुरूंच्या) अधिकाराखालील प्रदेशाचे, एक मुख्य मंदिर असते, त्याला कॅथेड्रल म्हणतात; हे मंदिर ज्या तारखेला विधिपूर्वक देवाला समर्पित झाले, त्या तारखेला दरवर्षी होणारा उपासनेचा सण म्हणजे कॅथेड्रल समर्पणाचा वर्धापनदिन होय. मराठीत वर्धापनदिन म्हटले की एखाद्या संस्थेच्या स्थापनेची तारीख डोळ्यांसमोर येते. येथे मात्र पायाचा दगड केव्हा बसला, मनोरा केव्हा उभा राहिला किंवा पहिली मिस्सा (भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य उपासना) केव्हा झाली, यांपैकी काहीच मोजत नाहीत. बिशपांनी वेदीला आणि भिंतींना पवित्र तेलाचा अभिषेक केला, तो दिवस मोजतात. मिलानच्या कॅथेड्रलचे काम १३८६ मध्ये सुरू झाले, मुख्य वेदीचा अभिषेक पोप पाचवे मार्टिन यांनी १४१८ मध्ये केला, आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी मंदिराचे समर्पण १५७७ च्या ऑक्टोबरमध्ये केले आणि दर्शनी भाग पुरा व्हायला एकोणिसावे शतक उजाडले. या साऱ्या तारखांपैकी सणाशी नाते आहे ते १५७७ च्या समर्पणाचे.

कॅथेड्रल या शब्दाच्या मुळाशी आसन या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ज्या मंदिरात बिशपांचे आसन आहे ते कॅथेड्रल, मग ते लहान असो वा मोठे, जुने असो वा नवे. आकाराचा आणि या पदवीचा संबंध नाही, हे रोममध्येच सर्वांत ठळकपणे दिसते. पोप हे रोमचे बिशप, पण त्यांचे कॅथेड्रल म्हणजे व्हॅटिकनमधील सेंट पीटर बॅसिलिका नव्हे. ते शहराच्या दुसऱ्या भागातील लॅटरन बॅसिलिका होय. परंपरेनुसार तिचे समर्पण पोप पहिले सिल्व्हेस्टर यांनी ३२४ मध्ये केले. पुढे भूकंप आणि आगी यांमुळे ती वेळोवेळी नव्याने उभारावी लागली. १३०८ आणि १३६१ या वर्षी ती जळाली होती. तिचा समर्पणदिन ९ नोव्हेंबरला जगभरातील कॅथोलिक मंदिरांत पाळला जातो. रोम आणि जगातील सर्व मंदिरांची माता व मस्तक, असा तिचा मान सांगितला जातो आणि त्या मानामुळेच एका धर्मप्रांताच्या कॅथेड्रलचा सण सर्वांचा झाला आहे.

समर्पणदिन पाळण्याची कल्पना ख्रिस्तसभेने यहुदी परंपरेतून घेतली. जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट झाल्यानंतर इसवी सनपूर्व १६४ मध्ये यहुदी सेनानी यहुदा मक्काबी याने ते शुद्ध करून पुन्हा समर्पित केले आणि त्याचा उत्सव दरवर्षी आठ दिवस करावा असे ठरले. हाच आजचा हनुक्का. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू याच सणाच्या वेळी, हिवाळ्यात, मंदिराच्या ओवरीत फिरत असल्याचा उल्लेख आहे. ख्रिस्ती मंदिरांबाबत पाहिले तर चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, ख्रिस्ती लोकांचा छळ थांबल्यावर लगेच, टायर शहरातील नव्या मंदिराच्या समर्पणाला इतिहासकार युसेबियस याने भाषण केले होते. मात्र वार्षिक उत्सवाचे जिवंत चित्र जेरुसलेमचे आहे. तेथील पवित्र कबरीच्या मंदिराचे समर्पण ३३५ च्या सप्टेंबरमध्ये झाले. त्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री तेथे गेली, तेव्हा हा उत्सव आठ दिवस चाले. मेसोपोटेमिया, सीरिया आणि इजिप्त येथून संन्यासी येत, चाळीस-पन्नास बिशप जमत आणि मंदिरांची सजावट पुनरुत्थानाच्या सणासारखी (ईस्टरसारखी) असे, असे तिने लिहून ठेवले आहे. आठ दिवसांची ही चाल रोमन परंपरेतही दीर्घकाळ टिकली. पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत १९५५ मध्ये नाताळ, पुनरुत्थान आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) वगळता इतर सर्व सणांचे अष्टाह, म्हणजे आठ दिवसांचे उत्सव, बंद झाले, तेव्हा समर्पणाचा उत्सवही एका दिवसावर आला.

ज्या विधीची आठवण या दिवशी होते, तो विधी थोडा जवळून पाहायला हवा. सध्याचा समर्पणविधी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिशप आधी जमलेल्या लोकांवर, भिंतींवर आणि वेदीवर पवित्र पाणी शिंपडतात. वाचने आणि प्रवचन झाल्यावर सर्व संतांची आळवणी होते, संतांचे अवशेष असतील तर ते वेदीखाली ठेवले जातात आणि समर्पणाची दीर्घ प्रार्थना म्हटली जाते. त्यानंतर बिशप झगा काढून ठेवतात आणि क्रिझम नावाचे सुगंधी पवित्र तेल वेदीवर ओतून हाताने पसरवतात. मग भिंतींवरील बारा किंवा चार क्रुसांना तेच तेल लावले जाते. वेदीवर अंगारपात्र ठेवून ऊद जाळतात, तेल पुसून वेदीवर वस्त्र घालतात आणि शेवटी दिवे लागतात. जुना विधी याहून फार लांब होता. बिशप बंद दारावर तीन वेळा काठीने ठोकत आणि आत जमिनीवर पसरलेल्या राखेत ग्रीक व लॅटिन मुळाक्षरे तिरप्या क्रुसाच्या आकारात लिहीत. भिंतींवरचे क्रूस मात्र दोन्ही विधींत आहेत आणि मागे राहणारी खूणही तीच. प्रत्येक क्रुसाखाली मेणबत्तीसाठी लहानशी बैठक असते. एरवी कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या या मेणबत्त्या वर्धापनदिनी पेटवण्याची जुनी चाल आहे.

उपासनेच्या दृष्टीने या सणाचे वैशिष्ट्य असे की, आपण कोठे उभे आहोत त्यावर त्याचा दर्जा ठरतो. रोमन उपासनाविधीत दिवसांच्या चढत्या पायऱ्या आहेत: स्मरणदिन, सण आणि सर्वांत वर महासण. पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये मंजूर केलेल्या नियमांनुसार कॅथेड्रलचा समर्पणदिन खुद्द कॅथेड्रलमध्ये महासण असतो, तर त्या धर्मप्रांतातील इतर मंदिरांत सण. महासण असल्याने कॅथेड्रलमध्ये त्याची सुरुवात आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेने होते आणि मिस्सेत महिमागीताबरोबर (देवाच्या स्तुतीच्या गीताबरोबर) श्रद्धांगीकारही (श्रद्धेची जाहीर कबुली) म्हटला जातो. इतरत्र महिमागीत असते, श्रद्धांगीकार नसतो. सामान्य काळातील रविवारी ही तारीख आली तर कॅथेड्रलमध्ये रविवारची उपासना बाजूला सरते, पण इतर मंदिरांत रविवारच वरचढ ठरतो. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), उपवासकाळ (ईस्टरआधीचे आठवडे) आणि पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचे आठवडे) यांतील रविवारांपुढे मात्र कॅथेड्रललाही माघार घ्यावी लागते आणि महासण सहसा सोमवारी सरकतो.

मिस्साग्रंथात, म्हणजे मिस्सेच्या प्रार्थनांच्या पुस्तकात, या दिवसासाठी प्रार्थनांचे दोन वेगळे संच आहेत आणि सणाचा सारा आशय त्यांच्यातील फरकात सापडतो. पहिला संच ज्या मंदिराचे समर्पण झाले त्याच मंदिरात म्हणायचा. त्यात 'हे' हा शब्द ठसठशीत आहे: हे तुझे पवित्र मंदिर ज्या दिवशी अर्पण झाले तो दिवस तू वर्षानुवर्षे आमच्यासाठी नवा करतोस, अशा अर्थाने प्रार्थना सुरू होते. दुसरा संच त्या मंदिराबाहेर म्हणायचा. त्यात बोट दाखवायला भिंत नाही, म्हणून तो जिवंत आणि निवडलेल्या दगडांतून देव आपले चिरंतन निवासस्थान घडवतो असे म्हणतो. धर्मप्रांताच्या कोपऱ्यातील एखाद्या छोट्या मंदिरात, जेथील निम्म्या लोकांनी कॅथेड्रल कधी पाहिलेलेही नसेल, तेथे हा दुसराच संच वाचला जातो. आपण पाहिले नाही अशा इमारतीचा सण का पाळायचा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर आसनात आहे. धर्मप्रांत हा धर्मग्रामांचा (स्थानिक मंदिरांभोवतीच्या मंडळ्यांचा) नुसता गठ्ठा नसून एका बिशपांभोवती जमलेली एक मंडळी आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५ मधील जगभरच्या बिशपांच्या सभेने) मानले आणि कॅथेड्रलमधील उपासनेला सर्वांनी मान द्यावा, असे म्हटले. म्हणूनच बिशपांच्या विधींसाठी १९८४ मध्ये निघालेल्या ग्रंथात, वर्धापनदिनी बिशपांनी धर्मगुरूंसह आणि शक्य तितक्या लोकांच्या उपस्थितीत कॅथेड्रलमध्ये मिस्सा अर्पण करणे इष्ट मानले आहे.

वाचनांतही इमारतीकडून माणसांकडे हीच वाट आहे. शलमोनाची मंदिर-समर्पणाची प्रार्थना, यहेज्केलाने पाहिलेले मंदिराच्या उंबऱ्याखालून वाहणारे पाणी आणि तुम्ही देवाचे मंदिर आहात असे करिंथकरांना बजावणारा पौल, हे उतारे त्यासाठी उपलब्ध आहेत. शुभवर्तमानातून पूर्वी नेमलेला आणि आजही निवडता येणारा उतारा जक्कयाचा आहे. प्रथम ऐकताना तो अनपेक्षित वाटतो, कारण त्यात मंदिर कोठेच नाही. बुटका जकातदार झाडावर चढतो आणि येशू त्याला सांगतो, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. घर कशाने पवित्र होते, हे सांगायला याहून नेमकी गोष्ट मिळणे कठीण. समर्पणाच्या एका प्रवचनात संत ऑगस्टीननेही, ही वास्तू आपल्या प्रार्थनेचे घर आहे, पण देवाचे घर आपण स्वतः आहोत, अशी मांडणी केली आहे.

तारखेची निश्चिती हा व्यवहारातला अवघड भाग. ख्रिस्तसभेच्या अंतर्गत नियमांच्या, म्हणजे कॅनन कायद्याच्या, आधारे समर्पण झाल्याचा लेखी दस्तऐवज करावा लागतो आणि त्याची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात, तर दुसरी मंदिराच्या दप्तरात ठेवावी लागते. कागद नसेल आणि कुणाचे नुकसान होत नसेल, तर विश्वासू अशा एकाच साक्षीदाराचा शब्द पुरतो. शतके उलटलेल्या मंदिरांना असा साक्षीदार कोठून मिळणार? ज्यांची समर्पणाची तारीख माहीत नाही अशा मंदिरांसाठी अनेक ठिकाणच्या दिनदर्शिकांत २५ ऑक्टोबर हा दिवस राखलेला असतो. तारीख माहीत असूनही ती दरवर्षी दुसऱ्या मोठ्या सणाखाली झाकली जात असेल, तर जवळची मोकळी तारीख कायमची ठरवून देतात.

प्रत्येक मंदिराच्या स्वतंत्र समर्पणदिनाभोवती जत्रा आणि सुट्ट्या वाढत गेल्याने राज्यकर्त्यांनीही यात हात घातला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये, सर्व मंदिरांचे समर्पणदिन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एकत्र केले गेले, तर ऑस्ट्रियात दुसऱ्या जोसेफने १७८६ मध्ये तिसरा रविवार नेमला. मिलानमध्ये याच्या उलट घडले. तेथील अँब्रोशियन परंपरेत (मिलानच्या स्वतंत्र उपासनापद्धतीत) कॅथेड्रलचा समर्पणदिन ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी असतो आणि तो वर्षातला केवळ एक सण नसून वर्षाची मोजणीच त्याच्यावर अडकवली आहे: पुढे आगमनकाळ लागेपर्यंतचे आठवडे 'समर्पणानंतरचे' म्हणून मोजले जातात.

मंदिर मोडकळीला आले तरी सण थांबत नाही, हे पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये दिसले. १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत त्याचे छप्पर आणि मनोरा कोसळले. त्यानंतरची पहिली मिस्सा बरोबर दोन महिन्यांनी, १५ जूनच्या संध्याकाळी, समर्पणाचा वर्धापनदिन म्हणूनच झाली. मुख्य भागात पाऊल ठेवणे धोक्याचे असल्याने ती वेदीमागच्या मरियेच्या उपमंदिरात अर्पण केली गेली. सुमारे तीस माणसे हजर होती, त्यांत बहुतेक धर्मगुरू. आर्चबिशपांसह सर्वांच्या डोक्यावर बांधकामावर घालतात तसली पांढरी शिरस्त्राणे होती.