खाणीच्या पाण्यातला तांबडा रंग

पर्यावरणावरचं कलाप्रदर्शन म्हटलं की प्लास्टिकच्या बाटल्यांचा देवमासा ठरलेला. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात, प्रदर्शन आवरतं आणि देवमासा बहुधा परत कचऱ्याच्या गाडीत चढतो. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातले चित्रकार जॉन सॅब्रॉ यांचं काम मला म्हणूनच आवडतं. धातूच्या पत्र्यावर मोठाले गोल, त्यात पसरत गेलेले पिवळे, तांबडे, जांभळट थर. यातले काही रंग बंद पडलेल्या कोळसाखाणींतून झिरपणाऱ्या पाण्यातून काढलेले आहेत. पद्धत बसवली त्याच विद्यापीठातले पर्यावरण अभियंते गाय रीफलर यांनी.

खाणीतून बाहेर पडताना हे पाणी पुष्कळदा नितळ असतं. हवा लागली की थोड्याच अंतरावर ओढ्याचा तळ नारिंगी गाळाने लिंपून जातो आणि त्याखाली किडेमासे टिकत नाहीत.

कारण पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज. कोळशाच्या थरात ते मुकाट पडून असतं. खाणकामामुळे हवा-पाणी पोचलं की गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि लोह फेरस रूपात विरघळतं. फेरसने आणखी एक इलेक्ट्रॉन गमावला की ते फेरिक. खरी गंमत इथून पुढे आहे. हे फेरिक उलट पायराइटवरच तुटून पडतं. एका पायराइटमागे 14 फेरिक आयन खर्ची पडतात आणि 15 फेरस बाहेर येतात, वर आम्ल आहेच. त्या फेरसचं पुन्हा फेरिक झालं की पुढची फेरी, अगदी चक्रवाढ व्याजासारखी. आता, तीव्र आम्लात फेरसचं फेरिक व्हायला एरवी फार वेळ लागतो. पण ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा जिवाणू याच अभिक्रियेवर पोट भरतो आणि तिचा वेग सुमारे दहा लाख पट वाढवतो! म्हणून खाण बंद झाली तरी आम्ल वाहतच राहतं. आणि अमेरिकेत 1977 चा कायदा येईपर्यंत खाण सोडून जाणाऱ्याने मागचं निस्तरावं, अशी देशपातळीवर सक्तीही नव्हती.

रंग काढायचा तर आम्लता कमी करून पाण्यात हवा खेळवायची. सामू (pH; तो जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) 5 च्या वर गेला की तो एकने वाढला तरी फेरसचं ऑक्सिडीकरण जवळजवळ शंभर पट वेगाने होतं. आम्लता कमी झालेल्या पाण्यात फेरिक विरघळून राहत नाही, पिवळसर गाळ होऊन तळाशी बसतं. तो धुऊन वाळवला की पिवळा रंग. भाजून त्यातलं पाणी उडवलं की तांबडं हेमॅटाइट. आणखी तापवून कण मोठे केले की जांभळट छटा. गॅम्ब्लिन ही कंपनी या गाळाचे तैलरंग बनवते.

हेमॅटाइट आपल्याला परकं नाही. वारली चित्रांमागच्या भिंतीवरचा, तुळशीच्या कुंडीवरचा गेरू तांबडा दिसतो तो त्याच्यामुळेच. दारावर गेरू लावला की तो 'नकारात्मक ऊर्जा शोषतो' असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. शोषतो खरा, पण निळा-हिरवा प्रकाश; म्हणून तर तांबडा दिसतो.

या चित्रांनी नदी साफ झाली, असंही कोणी समजू नये. चित्राला लागतो मूठभर रंग, ओढ्यात लोह उतरतं टनावारी. एवढा माल खपायचा तर पेव्हर ब्लॉक आणि भिंतीचे रंग यांतच खपेल, आणि तिथे कारखान्यात बनणाऱ्या आयर्न ऑक्साइडच्या भावाशी गाठ आहे. तरी पाणी शुद्ध करताना निघणारा गाळ एरवी पैसे मोजून टाकावा लागतो. तो विकला गेला तर निदान शुद्धीकरणाचा काही खर्च सुटतो.

पावसाळ्यात गोव्याच्या खाणपट्ट्यातलं पाणीही लाल होतं, पण ते प्रकरण निराळं. तिथलं खनिज मुळातच ऑक्साइड आहे, पाण्यात तरंगते ते त्याचे बारीक कण. ओहायोसारखं आम्ल आपल्याकडे पाहायचं तर मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत. तिथल्या कोळशात गंधक भरपूर. उंदराच्या बिळांसारख्या खाणींवर हरित लवादाने 2014 मध्ये बंदी घातली, पण आधी खणलेल्या बिळांतल्या पायराइटला ती लागू नाही.